खोलीतलं रविवारचं जेवण

चाळिशी उलटल्यावर मी कुटुंबांचं समुपदेशन शिकले. त्याआधी सोळा वर्षं नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवलं, वह्या तपासल्या, पालकसभेत पालकांची बोलणी खाल्ली. वाटलं होतं, हे नवीन शिकल्यावर माणसं जरा कळायला लागतील. झालं उलटंच. आधी निदान कोण चुकतंय ते तरी मला ठाम माहीत असायचं.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या की आजारी माणूस एकटा आजारी नसतो. त्याच्या दुखण्यामुळं घरात काहीतरी चालू राहतं किंवा काहीतरी थांबून राहतं. म्हणून एकालाच धरून बसू नका, माणसांच्या मधे बघा. मी हे वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. माणसांच्या मधे बघायचं म्हणजे नेमकं कुठं बघायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही, ते आधीच सांगून टाकते.

त्यांनी प्रश्न विचारायची एक पद्धतही शिकवली होती. एकाला दुसऱ्या दोघांबद्दल विचारायचं. आईला 'तुम्हाला राग येतो का' असं थेट नाही विचारायचं. मुलीला विचारायचं, 'आईला राग आला की पप्पा काय करतात?' पुस्तकात याला भारदस्त नाव आहे. आमच्या मराठवाड्यात याला चुगली म्हणतात. आणि चुगली कोणी परक्या बाईपुढं, खुर्चीवर बसून, ज्याची करायची त्याच्याच देखत करत नसतं. पहिलं वर्षभर माझ्या प्रश्नांना लोक नुसते हसायचे किंवा पंख्याकडं बघायचे.

समुपदेशनाला बसायची माझी जागा लातूरला होती, क्लासच्या गल्लीत, एका मेडिकल दुकानाच्या वर. शुक्रवारी सकाळी नांदेडहून एसटीनं यायचं, दोन मुक्काम नणंदेकडं, रविवारी दुपारी परत. घरी पोचले की नवरा दारातच विचारायचा, "आज कोणाचं घर मोडून आलीस?" मी पर्स फेकायची तेवढी बाकी ठेवायचे.

लातूरची एक रीत बाहेरच्यांना पटकन समजत नाही. पोरगी मेडिकलच्या तयारीला आली की तिच्याबरोबर आई येते. 'खोली करून राहिलेत' म्हणतात त्याला. एक कॉट, गॅसची शेगडी, कुकर, ज्वारीच्या पिठाचा डबा आणि आई. बाप गावाकडं शेतात. दोन वर्षं असं, आणि पोरगी रिपीटर बॅचला बसली की तीन, कधी चार. त्या गल्लीत अशा शेकडो आया राहतात. भाजीवाल्याकडं त्या भेटतात तेव्हा एकमेकींना नाव नाही विचारत, 'तुमचीचा स्कोअर किती आला?' विचारतात.

अशाच दोघी माय-लेकी एका शुक्रवारी माझ्याकडं आल्या. लोह्याकडच्या एका खेड्यातल्या, घरची बरी शेती, एकत्र कुटुंब. मुलगी दुसऱ्यांदा रिपीट करत होती. क्लासची टेस्ट दर रविवारी सकाळी असायची आणि दर रविवारी पहाटे तिला उलट्या व्हायच्या. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रक्त-लघवी सगळं झालं. काही निघालं नाही. शेवटी कोणा डॉक्टरनं चिठ्ठीवर माझा पत्ता लिहून दिला.

आईच बोलत होती. चाळिशीच्या आतबाहेरची, गोल चेहऱ्याची, हसरी बाई. "म्याडम, हुशार हाय हो ही. सोमवार ते शनवार लई छान राहती. रविवार आला की पोट उलटं करून टाकती." मुलगी शेजारी बसून नखं बघत होती.

मला वाटलं, परीक्षेची भीती. यात काय अवघड आहे? श्वासाचे व्यायाम शिकवले, पेपरच्या आदल्या दिवशी काय खायचं ते सांगितलं. चार आठवडे तेच. उलट्या जशाच्या तशा. पाचव्या आठवड्यात, दुसरं काही सुचेना म्हणून, मी माझा तो चुगलीचा प्रश्न टाकला. मुलीला विचारलं, "तुला उलटी झाली की घरात सगळ्यात जास्त घाबरतं कोण?"

ती पहिल्यांदा हसली. "आबा."

आबा म्हणजे तिचे आजोबा, वडिलांचे वडील. सगळं घर त्यांच्या शब्दावर चालतं. उलटी झाली की आई गावाकडं फोन लावते. आबा फोन उचलतात. बाया-माणसांनी एकटं दवाखान्यात धावपळ करायची नाही, असं म्हणून ते मुलाला सांगतात, 'जा, बघून ये.' मुलगा म्हणजे हिचे पप्पा सकाळची बस धरतात, दुपारपर्यंत खोलीवर पोचतात.

"मग?"

"मग काय. तोवर मी बरी झालेली असते."

"मग पप्पा परत जातात?"

"न्हाई ना. जेवतात. आम्ही तिघं जेवतो. मग पप्पा चारच्या गाडीनं जातात."

हे सांगताना तिचा आवाज बदलला. आईकडं बघितलं तर तीही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी जेवणाबद्दल विचारत गेले आणि त्या दोघी आळीपाळीनं सांगत गेल्या. खाली पेपर अंथरायचा. पप्पा शेतातून हरभऱ्याचे डहाळे आणतात, घरचं दूध आणतात. आई धपाटे करते. पप्पा म्हणतात, तूही बस, गार झालं तर गार खाऊ. आणि आई बसते. गावाकडच्या घरात आधी पुरुष जेवतात, मग पोरं, मग बायका, चुलीपाशी. तिथं नवरा-बायको दिवसातून चार वाक्यं बोलत असतील, तीही 'आबांना पाणी दे' अशी. लग्नाला वीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या समोर बसून घास घेणं त्या बाईला लातूरच्या त्या खोलीत पहिल्यांदा मिळालं.

"पप्पा आईला चिडवतात," मुलगी म्हणाली. "म्हणतात, तू एवढं खातीस, मला ठाऊकच नव्हतं."

आई लाजून लाल झाली. मी त्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिले. पोरगी मुद्दाम करत नव्हती, हे शंभर टक्के. पण तिच्या पोटाला काहीतरी कळलं होतं. पास झाली तर ती कुठल्यातरी कॉलेजच्या होस्टेलला जाणार आणि आई गावाकडं. साफ नापास झाली तरी खोली सुटणार आणि आई गावाकडं. पासही नाही, नापासही नाही, अशा मधल्या जागेत ती राहिली तरच ती खोली राहणार होती आणि रविवारचं ते जेवण.

मी त्या रविवारी परतीच्या बसमध्ये स्वतःवर इतकी खूश होते की अहमदपूरला उतरून भजी खाल्ली. अखेर मला माणसांच्या मधे काहीतरी दिसलं होतं. आता सगळ्या घराला एकत्र बसवायचं, म्हणजे झालं. असं वाटणं हीच पुढच्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात होती.

घरातल्या सगळ्यांना घेऊन या, असा मी निरोप दिला. एका शनिवारी आबा आले, त्यांच्यामागून मुलीचे वडील. आबा ताठ, पांढरं धोतर, टोपी, अंगात बंडी. खुर्चीवर बसले. वडील त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर असे टेकले की कोणी 'ऊठ' म्हटलं तर क्षणात उभं राहता यावं. मुलगी आरामात बसली. आई बसलीच नाही. ती दारापाशी उभी, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. पाच आठवडे माझ्यापुढं भरभरून बोललेली बाई हीच का, असा मला प्रश्न पडला.

"बसा ना ताई," मी म्हटलं. तिनं मान हलवली. मी खुर्ची सरकवली. ती आणखी मागं सरकली. मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. तिला उभं ऱ्हायची सवय हाय." ते चिडून म्हणाले नाहीत. मला मदत करावी म्हणून म्हणाले.

वडिलांना प्रश्न विचारला की उत्तर आबा द्यायचे. आईला विचारला तर ती आबांकडं बघायची. अर्धा तास असा गेला. मग मी बाईंनी शिकवलेली दुसरी गोष्ट केली. मोठा कागद घेतला आणि घराचा नकाशा काढायला लागले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वर आबा आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या वारलेल्या पत्नी, खाली दोन मुलगे, सुना, नातवंडं. यात गुंतून माणसं बोलती होतात, असा आमच्या बाईंचा अनुभव. आणि खरंच आबा बोलायला लागले. पुढं झुकून बोट ठेवून सांगायला लागले, मोठ्याचं कुटुंब हितं, धाकट्याचं तिकडं. मला हुरूप आला.

एका छपराखाली राहणाऱ्या माणसांभोवती अशा कागदावर ठिपक्यांची रेघ काढतात. मी मुलीभोवती आणि आईभोवती काढली. मग त्या रविवारच्या जेवणाच्या नादात, मला खात्रीच होती की तेच खरं घर आहे, म्हणून ती रेघ वाकवून मी वडिलांनाही आत घेतलं. आबा, मोठा मुलगा, बाकीचं सगळं घर बाहेर राहिलं.

आबांचं बोट थांबलं. "ही ठिपक्या-ठिपक्याची रेघ कशाची?"

"एकत्र राहणाऱ्यांची, आबा."

त्यांनी कागद स्वतःकडं फिरवला. आयुष्यभर त्यांनी असे कागद फक्त एकाच कामासाठी पाहिले होते. तलाठ्याकडं, वारसांची नोंद लावताना. आणि घरातल्या तीन माणसांभोवती वेगळी रेघ निघाली की तिचा अर्थ त्यांच्या गावात एकच होतो.

"वाटणी करून राहिल्या का तुम्ही, मॅडम?"

मी नाही म्हटलं. रविवारचं जेवण सांगून समजावलं. माझं समजावणं मलाच पटेना, कारण मी खरोखर तीन माणसं वेगळी काढली होती. "आबा, तसं न्हाई हो, मी काय म्हणलो न्हाई," एवढं ते दोनदा बोलले. आबांनी कागदाची नीट चार पदरी घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि उठले.

"पोरीची परीक्षा हाय म्हणून खोली घेऊन दिली. येगळं ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले.

सगळे जिना उतरले. आई शेवटी होती. ती वळून मला म्हणाली, "म्याडम, हे काय केलं हो तुम्ही?" रागानं नाही. तिला खरंच कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मुलीला उलट्या झाल्या. फोन गेला. वडील आले नाहीत, मोठे काका आले. दारातच उभं राहून दुधाची बाटली दिली, 'डॉक्टरला दाखवा' म्हणाले आणि गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी उलटी झाली नाही. चौथ्याही नाही. टेस्टमधला तिचा स्कोअर साठ मार्कांनी वर गेला.

आई पेढे घेऊन आली. मी पेढा तोंडात टाकला आणि तो फिरायला लागला. हे चांगलं झालं होतं का? ज्यासाठी ते माझ्याकडं आले ते काम तर झालं होतं. नवरा म्हणाला, "मग तुझं पोट का दुखतंय? बरं कर म्हणाले, बरं केलंस." मी मुलीला एकटीला बसवून विचारलं, उलट्या एकदम कशा थांबल्या गं?

ती म्हणाली, "थांबल्या न्हाईत. येती. मी आतल्या आत गिळती."

"का?"

"आता काय उपयोग?"

एवढं बोलून तिनं दप्तर उचललं, क्लासला उशीर होतोय म्हणाली. खाली मेडिकलच्या दुकानात कोणीतरी मोठमोठ्यानं गोळ्यांची नावं वाचून दाखवत होतं.

समुपदेशकानं असं घरोघरी जायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण माझी परतीची बस लोह्यावरूनच जाते आणि माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट मनात टोचायला लागली की मला झोप येत नाही. मी आबांना फोन केला. ते फटकारतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "उतरा लोह्याला. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसू."

हॉटेलात त्यांनी दोन चहा सांगितले. मग बंडीच्या खिशातून तोच कागद काढला, टेबलावर पसरवला. घड्या मळल्या होत्या. "तलाठ्याला दाखवला," ते म्हणाले. "ते हासले. म्हणले, आबा, ह्याच्यावर सही न्हाई, शिक्का न्हाई, ह्या कागदानं काय पण होत न्हाई."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते कागदाच्या वरच्या बाजूला बघत होते. त्यांचा चौकोन आणि त्याच्या शेजारचा गोल, ज्यावर त्या वारल्या म्हणून मी फुली मारली होती.

"हिला तुम्ही माझ्या बाजूला काढलं."

"नवरा-बायकोंना तसंच काढतात, आबा."

"आमी असं बाजूला-बाजूला कधी बसलो न्हाई." त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायले नाहीत. "त्रेचाळीस वर्सं हिनं मला वाढलं. ती काय खायची, किती खायची, तिला गोड आवडायचं का तिखट, मला कोणी विचारलं तर सांगता यायचं न्हाई. ती जेवताना मी तिला बघितलीच न्हाई, मॅडम."

या माणसाला मी महिनाभर मनातल्या मनात दूषणं दिली होती. आता माझेच डोळे भरून आले आणि हॉटेलवाला बघायला लागला म्हणून मी चहाच्या कपात तोंड खुपसलं.

थोड्या वेळानं आबांनी विचारलं, "ते तिघं रविवारी जेवायचे म्हंता ना, ते कसं जेवायचे?"

आणि मी, काहीच विचार न करता, त्या क्षणी मला जे बरं वाटलं ते बोलून गेले. "तुम्हीच जाऊन बघा ना, आबा. मुलाला घेऊन जा. तुम्हीही जेवा त्यांच्याबरोबर."

त्यांचा चेहरा उजळला. मीही बसमध्ये बसून खिडकीबाहेर बघत हसत होते. इतकी सरळ गोष्ट आधी का सुचली नाही, असं मला वाटत होतं. बिघडलेलं दुरुस्त झालं, एका चहात.

दोन आठवड्यांनी आई आली. "मामंजी आता दर रविवारी येतात," ती म्हणाली. "ह्यांना पण संग आणतात. उलटी होवो न होवो. तुम्ही सांगितलं म्हणून. लई मोठं काम केलं तुम्ही."

"मग तुम्ही सगळे एकत्र जेवता ना?"

"हाव. मामंजी, हे, पोरगी, तिघं बसतात."

"आणि तुम्ही?"

"मी मागून."

तिनं ते इतकं सहज सांगितलं की मला समजायला वेळ लागला. दहा बाय बाराच्या खोलीत सासरे बसले की ती उभी. डोक्यावर पदर, हातात भाकरी. पप्पा बोलत नाहीत, चिडवत नाहीत, ताटात बघून जेवतात. गावाकडचं घर सगळंच्या सगळं लातूरच्या त्या खोलीत येऊन बसलं होतं आणि त्याला आवतण मी दिलं होतं.

मी आबांना फोन केला. आडवळणानं सांगायचा प्रयत्न केला, मग सरळच सांगितलं. ते मग म्हणाले, "मॅडम, मी तिला दर टायमाला म्हणतो, बस म्हणून. ती बसत न्हाई. मी काय करू? हाताला धरून बसवू का सुनेला?"

आईला विचारलं. ती म्हणाली, "मामंजी बस म्हणतात हो. पण पाय वाकत न्हाईत. एकदा बसले तर घास उतरंना." वडील फोनवर म्हणाले, "आबांसमोर मी तिला कसं म्हणू, मॅडम?" कोणाचीच चूक नव्हती. सगळे चांगलं वागत होते. तरी ती बाई उभीच होती आणि पोरगी गिळत होती. इतका गोंधळ मला शाळेत पस्तीस पोरांच्या सहलीतही झाला नव्हता.

त्या आठवड्यात घरी एक झालं. संध्याकाळी मी पोळ्या करत होते. नवरा आणि मुलगा टेबलाशी जेवत होते, मी तव्यावरची गरम पोळी दोघांच्या ताटात आळीपाळीनं टाकत होते. सगळं आवरून मी ताट वाढून घेतलं तेव्हा दोघं टीव्हीसमोर होते. एकटी बसून दोन घास खाल्ले आणि थांबले. मी एम.ए., मी डिप्लोमावाली, मी दुसऱ्यांना खुर्ची सरकवणारी. आणि मीही मागूनच जेवते, फक्त आमच्याकडं त्याला गरम पोळी म्हणतात. नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग गार कर, आम्ही कुठं नाही म्हणतोय?" दुसऱ्या दिवशी आधी सगळ्या पोळ्या करून ठेवल्या आणि टेबलाशी बसले. पाच मिनिटांत तीनदा उठले. एकदा मीठ, एकदा लोणचं, तिसऱ्यांदा कशाला ते मलाच आठवेना. उठायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी त्या घराला काही सुचवणं बंद केलं. भीतीच वाटायला लागली. परीक्षा झाली. पेपर बरा गेला, असा मुलीचा मेसेज आला. पोटाबद्दल तिनं लिहिलं नाही, मी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी खोली सोडायची होती. गाव फार लांब नव्हतं, पण त्या बाईच्या दृष्टीनं ते किती लांब होतं ते मला आता माहीत होतं. सोमवारपासून ती पुन्हा मोठ्या घरातली धाकटी सून, आधी पुरुष, मग पोरं, मग चुलीपाशी बायका. तिघांनी एका पेपरवर बसून जेवायची ती शेवटची दुपार होती, आणि तीही आता त्यांची उरली नव्हती. आईनं मला जेवायला बोलावलं. नको म्हणणार होते. पण माझ्या हातानं जे झालं ते बघायला निदान जावं, असं वाटलं.

खोलीत सामान बांधून ठेवलेलं. कॉट सोडवून भिंतीला उभी केलेली, तिच्यामुळं जागा आणखीच अडलेली. मधे पेपर अंथरून चार ताटं मांडलेली. आबा, वडील, मुलगी, मी. आई कोपऱ्यात शेगडीपाशी, आमच्याकडं पाठ करून धपाटे भाजत होती. मी पाहुणी, म्हणून माझ्या ताटात आधी पडलं. तिचा हात लांबून आला, पदर सावरत मागं गेला. "बस गं तू पण," आबा म्हणाले. "हाव, बसते, होऊ द्या तुमचं," ती म्हणाली. हे वाक्य दोघांनीही किती वेळा म्हटलं असेल.

मुलीनं दोन घास खाल्ले. मग तिनं ताट उचललं, उभी राहिली आणि काही न बोलता आईपाशी जाऊन खाली बसली, शेगडीजवळ, फरशीवर. आईनं घाबरून आबांकडं बघितलं. मुलीनं स्वतःच्या ताटातला धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवला आणि आईच्या तोंडापुढं धरला. आईनं मान फिरवली. मुलीचा हात तसाच राहिला.

वडील ताटाकडं बघत होते. मला वाटलं, आता मी काहीतरी बोलायला पाहिजे, यासाठीच तर मी शिकले. तेवढ्यात त्या माणसानं ताट उचललं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, वडिलांच्या पंक्तीतून अर्ध्या जेवणात उठला, आणि चार पावलं चालून बायकोच्या दुसऱ्या बाजूला बसला. बसताना त्याचं भांडं लवंडलं, पाणी सगळीकडं झालं, कोणी पुसलं नाही.

पेपरवर आबा आणि मी, दोघंच उरलो. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी घास खाली ठेवला. मग दोन्ही हातांनी आपलं ताट ओढलं आणि बसल्या जागी हळूहळू, गुडघे दुखत असावेत, भिंतीकडं तोंड करून फिरले. शेगडीकडं त्यांची पूर्ण पाठ झाली.

"मॅडम, तुम्ही पण फिरा हिकडं," ते म्हणाले.

मी ताट घेऊन फिरले. आम्ही दोघं भिंतीकडं बघत जेवायला लागलो. तोंडासमोर चुना उडालेली जागा, दुसरं काही नाही. मग मागं एक भांडं वाजलं, बांगड्या वाजल्या, वडील हलक्या आवाजात काहीतरी बोलले आणि मुलगी खुदकन हसली.

आबांनी मान वळवली नाही. माझ्याकडं किंचित झुकून त्यांनी हळूच विचारलं, "जेवून राहिली का ती?"

मला कुठं दिसत होतं? मी म्हटलं, "हाव, आबा."